नव्व्याण्णवनंतरचे नऊ

सलूनमध्ये समोरासमोर लावलेल्या आरशांत डोक्यांची रांगच्या रांग दिसते, आणि पुढे पुढे ती अंधूक होत जाते. असा आरसा ९० टक्के प्रकाश परत पाठवतो असं धरू. दर धडकेला दहावा हिस्सा गळतो. सातव्या धडकेला प्रकाश निम्म्याच्या खाली येतो. शंभराव्या धडकेनंतर मूळ प्रकाशाचा सुमारे ३८ हजारावा भाग उरतो.

आता आरसा सुधारत नेऊ. ९९ टक्क्यांचा आरसा घेतला तर प्रकाश निम्मा व्हायला ६९ धडका लागतात. ९९.९ टक्क्यांना ६९३, ९९.९९ टक्क्यांना ६,९३१ आणि ९९.९९९ टक्क्यांना ६९ हजारांहून जास्त. कागदावर ९९ आणि ९९.९ यांत एका टक्क्याचाही फरक नाही. पण गळती दहापटीने घटलेली असते, आणि सगळा खेळ गळतीचा आहे.

समोरासमोरच्या दोन आरशांत प्रकाश कोंडणाऱ्या या रचनेला ऑप्टिकल रेझोनेटर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या मार्से शहरात शार्ल फाब्री आणि आल्फ्रेड पेरो यांनी तिचं उपकरण घडवलं. आरशांत १० सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर ९९ टक्क्यांच्या आरशांत प्रकाशकण सरासरी १० मीटर धावतो. ९९.९९९ टक्क्यांच्या आरशांत तो त्याच वीतभर जागेत १० किलोमीटर धावतो.

असे आरसे धातूचे नसतात, कारण चांदीसुद्धा एखाददुसरा टक्का प्रकाश गिळतेच. म्हणून काचेवर सिलिका आणि टँटॅलम ऑक्साइड यांचे थर आलटून पालटून चढवतात. प्रत्येक थर त्यातल्या तरंगलांबीच्या पाव जाडीचा असतो. १,०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरसाठी सिलिकाचा थर सुमारे १८० नॅनोमीटरचा, म्हणजे केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. दोन थरांच्या एका सीमेवरून जेमतेम तीन टक्के प्रकाश परततो. पण सगळ्या सीमांवरून परतणाऱ्या लाटा एका तालात मिळतात आणि नऊवर नऊ चढत जातात.

यापुढची गोष्ट बुद्धीला पटायला वेळ लागतो. ९९.९९९ टक्क्यांच्या एकाच आरशावर १ मिलिवॅटचा लेसर सोडला तर त्याचा लाखावा भाग पलीकडे जातो. त्यामागे तसाच दुसरा आरसा योग्य अंतरावर ठेवा. आरसे स्वतः प्रकाश गिळत नसतील तर आता सगळाच्या सगळा लेसर पार होतो! अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असलं की आतल्या लाटा एकमेकींवर चढत १०० वॅटपर्यंत साठतात, आणि त्यांचा लाखावा भाग, म्हणजे बरोबर १ मिलिवॅट, दुसऱ्या आरशातून बाहेर पडतो. पहिल्या आरशावरून थेट परतलेली लाट आणि आतून मागे झिरपलेली लाट एकमेकींना पुसून टाकतात.

हे ‘योग्य अंतर’ किती नेमकं असावं लागतं? त्याच अवरक्त लेसरसाठी ९० टक्क्यांच्या आरशांना सुमारे १८ नॅनोमीटरची मोकळीक असते. ९९.९९९ टक्क्यांना ती १.७ पिकोमीटर, म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या साठाव्या भागाइतकी उरते. आरसा तेवढा हलला की पार होणारा प्रकाश कोसळतो. आरसा जितका चोख, तितका रेझोनेटर संवेदनशील.

पॅरिसमध्ये सर्ज आरोश यांच्या गटाने सूक्ष्मलहरींसाठी मात्र तांब्यावर निओबियमचा थर देऊन आरसे केले आणि ते निरपेक्ष शून्याच्या वर ०.८ अंशापर्यंत थंड केले. दोन आरशांत अंतर होतं २.७ सेंटिमीटर. त्यात एकेक फोटॉन सरासरी ०.१३ सेकंद टिकला. तेवढ्यात तो एक अब्जाहून अधिक वेळा आपटला आणि ३९ हजार किलोमीटर धावला, जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणाच. आरोश यांना २०१२ चं नोबेल मिळालं, त्यामागे हे आरसे होते.

तरीही जास्त नऊ म्हणजे नेहमीच जास्त चांगलं, असं नाही. अमेरिकेतल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या भुजांमध्ये पुढचा आरसा मुद्दाम सुमारे १.४ टक्के प्रकाश सोडतो. प्रकाश फार काळ कोंडला तर गुरुत्वीय लहरीची झपाट्याने बदलणारी थरथर त्यात पुसट होईल. प्रकाशाने भुजेत सुमारे ३०० फेऱ्या मारल्याने तिची लांबी जणू १,२०० किलोमीटर होते. याच यंत्राने १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रोटॉनपेक्षा शेकडो पटींनी लहान हालचाल टिपली. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

तेव्हा यापुढे कुठेही ९९.९ टक्के असं वाचलंत, तर उरलेला ०.१ आधी पाहा. शास्त्रज्ञांची उमेदीची वर्षं त्या उरलेल्या भागावरच खर्ची पडतात.