परतीचें वाक्य

अलिबागच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला भरतीओहोटीचा हिशोब निराळा शिकवावा लागत नाहीं. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते: अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. अर्धापाऊण तासाचा फरक धरून चालावें, इतकेंच. आमच्या नातवानें, जो यंदा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षास आहे, सुटींत हाच हिशोब जावा भाषेंत मांडावयास घेतला. आपण तिथि सांगावी, यंत्रानें वेळ परत द्यावी, एवढें लहानसें काम.

परंतु कंपायलर तें पुढें जाऊं देईना. ‘मिसिंग रिटर्न स्टेटमेंट’, म्हणजे परत देण्याचें वाक्य नाहीं, अशी तक्रार करून त्यानें शेवटच्या महिरपी कंसाकडे बोट दाखविलें. “आजोबा, रिटर्न तर लिहिलें आहे!” नातू कुरकुरला. लिहिलें होतें खरें, पण ‘इफ’च्या पोटांत. तिथि एक ते पंधरा असेल तर पाऊणपट परत दे. आणि नसेल तर? तेथें कांहींच नव्हतें.

१९९५ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें जगापुढें आणलेली ही भाषा या बाबतींत मोठी कडक आहे. ज्या मेथडनें ‘डबल’, म्हणजे अपूर्णांकी संख्या, देण्याचें कबूल केलें, तिच्या प्रत्येक वाटेच्या टोकाशीं उत्तर हवेंच. (पडद्यावर छापणें म्हणजे परत देणें नव्हे, हें पुष्कळ नवशिक्यांच्या ध्यानांत येत नाहीं.) जुन्या ‘सी’ भाषेंत असा दोष बहुधा नुसत्या इशाऱ्यावर सुटतो, आणि मग हातीं काय येईल याचा नेम नसतो.

आम्हीं ऐटींत सल्ला दिला, “शेवटीं रिटर्न शून्य लिही.” तक्रार मिटली. अमावास्येचे ३० घालून पाहिले. उत्तर शून्य, म्हणजे बारा वाजतां भरती. हिशोबाची वेळ सव्वाअकरा. तेव्हां कोणासच शंका आली नाहीं. ओटीवर बसलेले शेजारचे नाखवा मात्र म्हणाले, “मास्तर, वद्य अष्टमी घालून बघा कीं.” २३ घातले. पुन्हां शून्य! बारा वाजतां भरती म्हणजे सहाच्या सुमारास ओहोटी. त्या भरंवशावर कोणी सहा वाजतां कुलाबा किल्ल्याकडे पायीं निघता, तर ऐन भरतींत सांपडता. आमच्या अंगावर कांटा आला.

वाक्याचा अर्थ लागण्यास आकांक्षा आणि योग्यता दोन्ही हव्यात, असें आपले नैयायिक सांगतात. ‘विस्तवानें शिंपतो’ यांत क्रियेला साधन मिळालें, आकांक्षा पुरी झाली. योग्यता मात्र नाहीं. आमचें शून्य त्याच जातीचें. कंपायलर आकांक्षा तेवढी पाहतो. वर्गांत हा पाठ आम्हीं किती वेळां दिला असेल!

शून्य पुसून नातवानें दुसरा ‘इफ’ घातला: सोळा ते तीस असल्यास पंधरा वजा करून पाऊणपट. तरी तीच तक्रार. “आतां तर सगळ्या तिथी आल्या!” पण तिथी तीसच असतात हें कंपायलरला कोठून ठाऊक? त्याच्या लेखीं चाळीसही येतील, उणें सातही. शिवाय अटींचा अर्थ लावून सर्व संख्या आल्या कीं नाहीं हें तो तपाशीतच नाहीं. ‘एल्स’नें वा शेवटच्या वाक्यानें उरलेली वाट बांधावीच लागते. आम्हीं ती ‘थ्रो’नें बांधविली. चुकीची तिथि आल्यास उत्तर न देतां ‘इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन’ भिरकावावयाचें. मग तेथें रिटर्न मागितलें जात नाहीं.

२३ घातल्यावर सहा आले. ३१ घातल्यावर यंत्रानें साफ नकार दिला. नाखवांनीं आणखी एकदां अष्टमी घालावयास लावली, आणि मगच ते उठले.