अमेरिकेचं ग्रीन कार्ड: भारतीयांचीच रांग इतकी लांब का?

दिवाळीला किंवा लग्नकार्याला अमेरिकेतून घरी आलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'ग्रीन कार्ड झालं का?' उत्तर येतं, 'रांगेत आहे.' पाच वर्षांनी विचारलं तरी तेच. विचारणाऱ्याला वाटतं, कागदपत्रांत काहीतरी गडबड असणार.

खरं तर बहुतेकांची कागदपत्रं कधीच मंजूर झालेली असतात. अडलेलं असतं ते फक्त नंबर लागण्यावर. जून २०२५ मध्ये ईबी-२ या गटात ज्या भारतीयांना ग्रीन कार्ड मिळू शकत होतं, ते १ जानेवारी २०१३ च्या आधी रांगेत लागलेले होते. म्हणजे साडेबारा वर्षांची वाट.

ही वेळ का येते, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी तीन पायऱ्या

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायमचं राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. आयटीवाले ज्या एच-१बी व्हिसावर जातात तो तात्पुरता असतो, त्याची नेहमीची मर्यादा सहा वर्षांची. म्हणून कंपनी मध्येच ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू करते.

पहिली पायरी 'पर्म'. या कामासाठी पात्र अमेरिकी माणूस मिळाला नाही, हे कंपनीने तिथल्या कामगार खात्याला दाखवायचं. दुसरी पायरी आय-१४० हा अर्ज. कंपनी आणि उमेदवार दोघेही निकषांत बसतात का, हे त्यात तपासलं जातं. तिसरी पायरी आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती तुमची 'प्रायॉरिटी डेट'. बँकेत टोकन घेतो तसं. भारतीयांची रांग लागते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये.

इथेच एक मोठा गैरसमज होतो. जादा फी भरून 'प्रीमियम प्रोसेसिंग' घेतलं की आय-१४० चा निर्णय काही आठवड्यांत येतो. पण त्याने रांगेतला नंबर पुढे सरकत नाही. टोकनची तारीख तीच राहते.

गणित कुठे अडतं?

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवून दिली. ती पाच गटांत वाटली जाते. ईबी-१, ईबी-२ आणि ईबी-३ यांना प्रत्येकी साधारण ४०,००० मिळतात.

त्यावर दुसरी अट आहे, एका देशाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे ढोबळमानाने भारताच्या वाट्याला वर्षाला ९,८०० आणि एकट्या ईबी-२ मध्ये सुमारे २,८००. १४० कोटींच्या भारताला जी मर्यादा, तीच चार लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या आइसलँडला. इतर देशांची कार्डं उरली तर ती सर्वांत जुन्या अर्जदारांकडे वळतात, त्यामुळे भारताला काही वर्षी जास्त मिळतात. पण रांगेपुढे तीही तोकडी पडतात.

शिवाय या आकड्यात नवरा किंवा बायको आणि मुलंही मोजली जातात. चौघांचं कुटुंब असेल तर चार कार्डं गेली.

आता दुसरी बाजू बघा. दरवर्षी ८५,००० नवे एच-१बी व्हिसा कोट्यातून दिले जातात आणि त्याला देशनिहाय मर्यादा नाही. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत भारतीयांचा वाटा ७० टक्क्यांहून जास्त असतो. म्हणजे येणारा रस्ता सहापदरी आणि पुढचा पूल एकपदरी. वाहतूक तुंबणारच.

केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये अंदाज मांडला होता. त्यानुसार नोकरीच्या गटांत सुमारे ११ लाख भारतीय अडकले होते आणि तेव्हा नव्याने रांगेत लागणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षं थांबावं लागलं असतं. थोडक्यात, अनेकांचा नंबर त्यांच्या हयातीत लागणार नाही.

तारीख मागे कशी जाते?

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं. त्यात प्रत्येक गटाची आणि देशाची तारीख असते. तुमची प्रायॉरिटी डेट त्या तारखेच्या आधीची असेल तर नंबर लागला. 'सी' लिहिलं असेल तर त्या गटात रांगच नाही.

पण ही तारीख दर महिन्याला महिनाभर पुढे जात नाही. कधी दोन आठवडे सरकते, कधी महिनोन्‌महिने हलत नाही आणि कधी चक्क मागे जाते.

कोविडच्या काळात कौटुंबिक गटांची बरीच कार्डं वापरली गेली नाहीत. नियमाप्रमाणे ती पुढच्या वर्षी नोकरीच्या गटांत आली. त्यामुळे २०२१ आणि २०२२ या आर्थिक वर्षांत १,४०,००० ऐवजी अडीच लाखांहून जास्त कार्डं उपलब्ध झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताची ईबी-२ तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली होती. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण जादा कोटा संपला आणि एप्रिल २०२३ मध्ये तीच तारीख १ जानेवारी २०११ वर आली. आठ महिन्यांच्या आत रांग जवळपास चार वर्षं मागे!

म्हणून 'तारीख एवढी सरकली, म्हणजे माझा नंबर अमुक साली' असा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

थांबण्याची किंमत

आय-१४० मंजूर असेल तर एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो, त्यामुळे देश सोडावा लागत नाही. पण नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते किंवा व्हिसाचा प्रकार बदलावा लागतो, नाहीतर गाशा गुंडाळायचा. घर, कर्ज, मुलांची शाळा, सगळं या ६० दिवसांवर टांगलेलं.

नवी कंपनी जुनी प्रायॉरिटी डेट वापरू शकते, पण पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात. या कटकटीपायी कितीतरी जण बढती किंवा चांगली संधी सोडून देतात.

सर्वांत अवघड गोष्ट मुलांची. आईवडिलांबरोबर दोन-तीन वर्षांची असताना गेलेली मुलं २१ वर्षांची झाली की कायद्याच्या नजरेत 'मूल' राहत नाहीत. आय-१४० अर्ज जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वयातून वजा होतात, पण दहा-बारा वर्षांच्या रांगेत ती सवलत किती पुरणार? मग त्यांना विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो किंवा ज्या देशात वाढले तो सोडावा लागतो. धाकटं भावंडं तिथेच जन्मलेलं असेल तर ते मात्र जन्मानेच अमेरिकी नागरिक. एकाच घरात दोन नियम.

नियम बदलत का नाही?

देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा मंजूर केला. पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. विरोधकांचा मुद्दाही समजून घ्यायला हवा. एकूण कार्डं न वाढवता मर्यादा काढली, तर काही वर्षं जवळपास सगळी कार्डं भारतीयांना जातील आणि इतर देशांचे अर्जदार मागे ढकलले जातील. खरी मेख १,४०,००० या आकड्यात आहे.

घरात कोणी रांगेत असेल तर

• रांगेसाठी नागरिकत्व नाही, जन्माचा देश मोजतात. दुबईत किंवा मस्कतमध्ये जन्मलेली मराठी मुलगी भारताच्या रांगेत येत नाही. तिच्या भारतात जन्मलेल्या नवऱ्यालाही तिच्या जन्मदेशाचा लाभ घेता येतो.

• आय-१४० मंजूर झाल्यावर एच-४ वरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. हा नियम २०१५ पासून आहे.

• आय-१४० मंजुरीची प्रत स्वतःजवळ ठेवा. कंपनी बदलताना जुनी तारीख टिकवायला ती लागते.

• मूल पंधरा-सोळा वर्षांचं झालं की त्याच्या वयाचा हिशेब वकिलाकडून आत्ताच करून घ्या. एकविसाव्या वाढदिवसाला फार उशीर झालेला असतो.