कापूस घातलेला कान

लोकलमध्ये एकाच कानात इयरबड घालणारा एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. दुसऱ्या कानात कापसाचा बोळा. विचारलं तर म्हणेल, ‘काही नाही रे, लहानपणापासून कान फुटतो. सर्दी झाली की वाहतो, मग थांबतो.’ लालबाग-परळच्या चाळींत यावरचे उपायही ठरलेले. लसणीचं कोमट तेल, नाहीतर केमिस्टकडून आणलेले ‘मागच्या वेळचेच’ ड्रॉप्स. दुखत नाही ना? मग झालं!

घोळ इथेच होतो. वर्षानुवर्षं वाहणारा कान बहुतेकदा दुखतच नाही.

मधला कान म्हणजे पडद्यामागची चिमुकली खोली. चाळीतल्या खोलीसारखीच समजा. वरच्या माळ्यावर मेंदू राहतो आणि मधला स्लॅब म्हणजे हाडाचा पातळ पापुद्रा. मागच्या भिंतीपलीकडून मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर जाते. या खोलीत पू साचत राहिला तर तो कायम बाहेरच येईल, याची गॅरंटी नाही.

त्यात काहींच्या पडद्याची कातडी आत ओढली जाते आणि तिथे मृत पेशींचा गोळा वाढत जातो. याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, पण हाड कुरतडतो. आधी ऐकण्याची तीन नाजूक हाडं जातात, मग चेहऱ्याच्या नसेचा नंबर लागू शकतो, आणि कधी तो स्लॅबच फुटतो. मग मेंदूच्या आवरणाला सूज येते किंवा थेट मेंदूत गळू होतं. थोडासाच, पण घाण वास येणारा स्राव ही त्याची खूण. नेमकी हीच गोष्ट लाजेपोटी लपवली जाते. वर्गात वास येईल म्हणून कापूस, आणि कापूस दिसू नये म्हणून केस वाढवलेले.

इंग्रजी लिटरेचरवाल्यांना ऑस्कर वाइल्ड माहीत असेलच. 1900च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमध्ये त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि 30 नोव्हेंबरला मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाने तो गेला, वयाच्या 46व्या वर्षी. गंमत बघा, (गंमत कसली म्हणा!) त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड डब्लिनचे नावाजलेले कानाचे सर्जन. कानामागे घ्यायच्या एका छेदाला त्यांचंच नाव आहे.

तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आज ती आहेत, सीटी स्कॅन आहे, तरी कानातून मेंदूपर्यंत पू गेलेले पेशंट आपल्याकडे अजूनही येतात, आणि त्यांत तरुण मुलंही असतात. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा: वाहत्या कानासोबत ताप, जोरदार डोकेदुखी, उलट्या, चक्कर, कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, मान आखडणं किंवा विचित्र गुंगी, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची. वाहणारा कान अचानक थांबला आणि डोकं ठणकायला लागलं, तर ‘बरा झाला’ म्हणून खूश व्हायचं नाही.

एरवी मात्र घाबरायचं कारण नाही. वाहणारा प्रत्येक कान मेंदूपर्यंत जात नाही. पण तो मायक्रोस्कोपखाली एकदा तरी बघितला गेला पाहिजे. परळचं केईएम 1926पासून उभं आहे, मुंबई सेंट्रलला नायर आहे. दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. कान साफ करतात, ऐकण्याची तपासणी होते, गरज वाटली तर स्कॅन. कोलेस्टिएटोमा निघाला तर ऑपरेशनला पर्याय नाही, आणि त्यानंतरही काही वर्षं तपासणीला जावं लागतं, कारण तो परत येऊ शकतो. तोवर कानात तेल नाही, काडी नाही, स्विमिंग नाही. आंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून तो बोळा घाला.

ओपीडी सकाळची असते, त्यामुळे पहिली दोन लेक्चर्स बुडतील. अटेंडन्ससाठी केस पेपरची झेरॉक्स जपून ठेवा, आणि शक्य असेल तर त्या मित्रासोबत तुम्हीही लायनीत उभे राहा.