नशा उतरते, पदार्थ उतरत नाही : मेथॅम्फेटामाइनचे परिणाम, सह्यता आणि धोके

इंडिया गेटच्या वर्तुळाकडून मंडी हाउसकडे जाणारा कोपर्निकस मार्ग दिल्लीत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना ठाऊक असतो तो तिथल्या जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. याच रस्त्यावरून निघून यमुना ओलांडली आणि ग्रेटर नोएडाच्या बाजूला गेलात, की कासना नावाची औद्योगिक वसाहत लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने आणि दिल्ली पोलिसांच्या विशेष शाखेने तिथल्या एका कारखान्यावर छापा घातला. घन आणि द्रव मिळून सुमारे ९५ किलो मेथॅम्फेटामाइन सापडले. ते बनवण्यासाठी मुंबईचा एक रसायनतज्ज्ञ आणला होता, असे तपास यंत्रणेने जाहीर केले. हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही, एवढे समजायला ही बातमी पुरेशी आहे.

या पाठात मात्र आपण छाप्यांकडे नाही, शरीराकडे पाहणार आहोत. त्यासाठी एकच प्रश्न हाती धरू: नशा उतरली, म्हणजे पदार्थ शरीरातून गेला का?

नावांचा गोंधळ

मेथॅम्फेटामाइन हे अँफेटामाइन गटातले कृत्रिम उत्तेजक आहे. ते 'मेथ', 'आइस', 'क्रिस्टल' अशा नावांनी फिरते. ईशान्य भारतात पकडल्या जाणाऱ्या 'याबा' गोळ्यांत ते कॅफिनबरोबर मिसळलेले असते. मुंबई-पुण्याच्या बातम्यांतले 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' म्हणजे मेफेड्रोन. ते कॅथिनोन गटातले, वेगळे रसायन. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून आणि दिल्लीतून जो प्रचंड साठा पकडला, तो मेफेड्रोनचा होता. दोन्ही उत्तेजकेच, आणि पुढे येणारे बरेचसे धोके दोहोंना लागू पडतात. पण मेफेड्रोनचा अंमल लवकर ओसरतो, मेथचा रेंगाळतो. पुडीत नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसते, ही गोष्ट वेगळीच.

इतिहास दोन ओळींत. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई यांनी १८९३ मध्ये इफेड्रिनपासून हा पदार्थ प्रथम बनवला. १९३८ मध्ये जर्मनीत तो 'पर्विटिन' या नावाने गोळ्यांच्या रूपात बाजारात आला आणि पुढे सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वाटला गेला. म्हणजे 'जागरणाची गोळी' हीच त्याची जुनी ओळख. आजही विद्यार्थ्यांपर्यंत तो कित्येकदा त्याच ओळखीने पोहोचतो: रात्रभर वाचता येईल, भूक लागणार नाही, कंटाळा येणार नाही.

मेंदूत काय घडते

मेंदूतील चेतापेशी डोपामाइन हे रसायन बारीक पुटिकांमध्ये साठवून ठेवतात. संदेश देताना त्यातले थोडे दोन पेशींमधल्या फटीत सोडले जाते आणि काम झाल्यावर वाहक प्रथिने ते पुन्हा आत ओढून घेतात. कोकेन हे परतीचे दार अडवते. मेथ याहून पुढे जाते. ते स्वतः त्याच दाराने पेशीत शिरते, पुटिकांमधले डोपामाइन बाहेर ढकलते आणि वाहकालाच उलटे चालवते. आत ओढणारा पंप बाहेर ओतू लागतो. नॉरअॅड्रेनालिनच्या बाबतीतही असेच होते, म्हणून छाती धडधडते, रक्तदाब चढतो, बाहुल्या विस्फारतात, झोप आणि भूक पळून जाते. माणूस भराभर बोलतो आणि आपल्याला काहीही जमेल अशी त्याची खात्री होते.

आता वेळेचा हिशोब. रक्तातील पदार्थ निम्म्यावर यायला लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. कोकेनचा तो साधारण तासाभराचा. मेथचा सुमारे १० ते १२ तासांचा. समजा, तुमच्या एका खोलीसोबत्याने रात्री ९ वाजता १०० एकके घेतली. आकडा केवळ गणितासाठी आहे. सोयीसाठी १२ तासांचा अर्धायुकाल धरू. सकाळी ९ वाजता ५० एकके उरतात. त्याला वाटते, सगळे उतरले. तो पुन्हा १०० घेतो. शरीरात १५० होतात. रात्री ९ वाजता ७५ उरलेली असतात, त्यावर आणखी १००, म्हणजे १७५. त्याच्या मते तो प्रत्येक वेळी 'तेवढेच' घेतो आहे. हृदयाच्या वाट्याला मात्र पावणेदोनपट येते. आणि खऱ्या आयुष्यात १२ तास थांबतो कोण?

सह्यता: कशाची, आणि कशाची नाही

तेवढाच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवावी लागणे, याला सह्यता म्हणतात. मेथच्या बाबतीत ती दोन वेगांनी येते. पहिली काही तासांतच. पुटिकांमधला साठा रिकामा झालेला असतो, म्हणून रक्तात पदार्थ भरपूर असूनही आनंद ओसरतो. वरच्या उदाहरणातला मुलगा फसतो तो इथे: त्याला जाणवते ती डोपामाइनची टंचाई, आणि तो तिचा अर्थ 'औषध संपले' असा लावतो. दुसरी सह्यता आठवड्या-महिन्यांत येते. सततच्या माऱ्याने मेंदू डोपामाइनचे ग्राहक कमी करतो. मग नेहमीचा चहा, गप्पा, सिनेमा, पास झाल्याची बातमी, सगळेच बेचव लागू लागते. पदार्थ आता आनंदासाठी नव्हे, नुसते उभे राहण्यासाठी घेतला जातो.

इथे एक मोठा गैरसमज आहे आणि तो पाठ्यपुस्तकेही नीट खोडत नाहीत. सह्यता आली म्हणजे शरीर 'सरावले', असे लोक समजतात. पण ती सगळ्या परिणामांना सारखी येत नाही. आनंदाची येते, भूक मारण्याच्या परिणामाचीही येते. रक्तवाहिन्यांना आणि हृदयाच्या स्नायूला होणारी इजा मात्र साठत जाते. संशय आणि भास यांच्या बाबतीत तर उलटच घडते: एकदा असा झटका येऊन गेलेल्या माणसाला पुढे कमी मात्रेनेही, कधी नुसत्या जागरणाने वा ताणानेही तो पुन्हा येऊ शकतो. याला संवेदीकरण म्हणतात. म्हणजे हवा असलेला परिणाम महाग होत जातो आणि नको असलेला स्वस्त.

मध्येच काही महिने बंद ठेवून कोणी पुन्हा जुन्याच मात्रेने सुरुवात केली, तर तोवर आलेली सह्यताही निघून गेलेली असते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परतल्यानंतरचे दिवस यासाठीच नाजूक मानतात.

धोके

सर्वांत तातडीचा धोका उष्णतेचा. मेथ शरीराचे तापमान वाढवते आणि थकल्याची जाणीव दाबते. दिल्लीच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे असताना बंद खोलीत हे झाले, तर शरीराला उष्णता बाहेर टाकायला वावच राहत नाही. ताप ४१ अंशांपुढे गेला की स्नायू विरघळू लागतात, त्यांतली प्रथिने मूत्रपिंडात अडकतात. हा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही, कारण तो जंतुसंसर्गाचा ताप नव्हे. अंग ओले करून पंख्याखाली ठेवणे आणि तत्काळ रुग्णालयात नेणे, हाच उपाय. तिथे डॉक्टर बेन्झोडायझेपिन गटातल्या औषधांनी खळबळ शांत करतात. छातीत दुखणे, फिट येणे, अचानक तीव्र डोकेदुखी, एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. विशीतल्या तरुणालाही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

दीर्घकाळात हृदयाचा स्नायू ताणून दुबळा होतो. कोरडे तोंड, दात चावण्याची सवय, गोड पेये आणि स्वच्छतेकडे दुर्लक्ष यांमुळे दात किडून तुटतात. कातडीखाली किडे वळवळत असल्याचा भास होतो आणि माणूस खाजवून जखमा करून घेतो. एकच सुई अनेकांनी वापरली, तर एचआयव्ही आणि कावीळ 'क' यांचा संसर्ग होतो. घरच्यांना बहुधा आधी दिसतो तो संशय: दार पुन्हा पुन्हा तपासणे, मोबाइलमध्ये कोणी ऐकत आहे असे वाटणे. याला 'स्वभाव बदलला' म्हणून सोडून देऊ नये.

सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस माणूस झोपतो, खूप खातो. त्यानंतर येणारी उदासी अधिक गंभीर. आत्महत्येचे विचार याच काळात येतात, म्हणून त्याला एकटे ठेवू नका. मेंदूच्या चित्रणावर आधारलेल्या २००१ मधील एका अभ्यासात, १२ ते १७ महिने पदार्थापासून दूर राहिलेल्यांच्या डोपामाइन वाहकांमध्ये बरीच सुधारणा दिसली. स्मृती आणि हालचालींच्या चाचण्यांतली सुधारणा तेवढी नव्हती. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

उपचार आणि कायदा

अफूजन्य पदार्थांसाठी जशी पर्यायी औषधे आहेत, तसे मेथसाठी सर्वमान्य औषध अजून नाही. वर्तन उपचार, आणि पदार्थ न घेतल्याच्या प्रत्येक तपासणीला छोटे बक्षीस देण्याची पद्धत, यांचा उपयोग दिसला आहे. दिल्ली परिसरात एम्सचे राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र गाझियाबादला आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे निःशुल्क क्रमांक देशभर चालतात.

एनडीपीएस कायद्याखाली मेथची २ ग्रॅमपर्यंतची मात्रा 'अल्प', आणि ५० ग्रॅमपेक्षा जास्त 'व्यावसायिक' समजली जाते. व्यावसायिक मात्रेला किमान १० वर्षांची शिक्षा आहे. पण याच कायद्यात कलम ६४अ आहे, आणि ते फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचाराला गेली आणि तिने तो पूर्ण केला, तर त्या आरोपासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला, तर हे संरक्षण काढून घेता येते.