बर्फाचा वाटा आणि गाळाचा ढीग

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात अशी घरे पुष्कळ आढळतील, की ज्यांतील मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेली आहे. जानेवारीत तिकडून दूरध्वनी आला म्हणजे चिरंजीव सांगतात की, पहाटे उठून घरासमोरचा बर्फ फावड्याने उपसला आणि मग कामावर गेलो. इकडे मातोश्रींना प्रश्न पडतो : रस्ता सरकारचा, कर भरतो तो वेगळाच; मग फावडे मुलाच्या हाती का? प्रश्न भाबडा वाटला तरी सार्वजनिक अर्थशास्त्राच्या मुळाशी जाणारा आहे.

न्यूयॉर्कने याचे उत्तर वाटणीने दिले आहे. रस्त्याचा मधला भाग शहराच्या स्वच्छता खात्याकडे, घरासमोरचा पदपथ मात्र मालकाकडे. दिवसा बर्फ पडायचा थांबला की चार तासांत पदपथ मोकळा झाला पाहिजे, नाही तर दंड. माँट्रिअलमध्ये पालिका बर्फ नुसता कडेला लोटून थांबत नाही. तो मालमोटारींत भरून ठरलेल्या जागी किंवा जुन्या दगडखाणीत नेऊन टाकते. जपानच्या नागाओका शहराने 1961 पासून रस्त्यात नळ्या घालून भूगर्भातले कोमट पाणी फवारण्याची युक्ती काढली. पुढे या उपशामुळे निइगाता प्रांतात काही ठिकाणी जमीनच खचू लागली. विहिरींची पातळी दरवर्षी मोजणाऱ्या नगरकरांना यावर अधिक भाष्य नको. आपल्या देशात बर्फ हटविणे म्हणजे झोजीलासारख्या घाटांतले काम. ते 1960 साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना करते आणि तेथे खर्चाचा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण पलीकडे लडाख आहे आणि सैन्य आहे.

पण वाटणी ठरली तरी क्रम कोणी ठरवायचा? फेब्रुवारी 1969 च्या हिमवर्षावात न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग कित्येक दिवस बर्फाखाली राहिला आणि महापौर लिंडसे यांच्यावर तेथील रहिवाशांचा रोष ओढवला. शिकागोत जानेवारी 1979 च्या वादळानंतर महापौर बिलँडिक पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांच्याकडून पराभूत झाले. या पराभवाचे खापर मुख्यतः बर्फावरच फुटले. स्वीडनमधील कार्ल्सकोगा या छोट्या शहराने क्रमच उलटा करून पाहिला. आधी हमरस्ते आणि मग पदपथ या रिवाजाचा लाभ मोटारीने कामावर जाणाऱ्या पुरुषांना होतो; मुलांना पाळणाघरात पोचवून पायी वा बसने जाणाऱ्या स्त्रिया मागे राहतात, हे ध्यानी आल्यावर पदपथ आणि पाळणाघरांचे रस्ते आधी साफ होऊ लागले. कोणाचा वेळ मोलाचा, याचा निर्णय अंदाजपत्रकापेक्षा फावडे कोठे आधी चालते यावर अधिक स्पष्ट होतो.

सावेडीत बर्फ पडत नाही. पडतो पाऊस, तोही बेताचा. तथापि मे महिन्यात येथेही उपसण्याचा हंगाम येतोच. गटारांतला गाळ काढला जातो, तो गटाराच्याच काठावर रचला जातो आणि पहिल्या वळवाने पुन्हा गटारात उतरतो. बर्फ ढकलणारी गाडीही घरमालकाने नुकत्याच साफ केलेल्या फाटकासमोर नवा बांध घालून जाते, अशी तिकडची तक्रार आहेच. परंतु तेथे दुसऱ्यांदा उपसणारा कोण, हे निदान ठाऊक असते. येथे महानगरपालिका अधिनियमाने नाले आणि गटारे साफ ठेवणे पालिकेवर बंधनकारक केले आहे, म्हणून नागरिक निश्चिंत. बांधकामाची वाळू आणि राडारोडा रस्त्यावर नागरिकच टाकतो, म्हणून पालिका निश्चिंत.

अशा वेळी सुशिक्षितांकडून हमखास सूचना येते की, अमेरिकेप्रमाणे ज्याचे घर त्याचे गटार असा नियम करावा. वस्तुतः ही तुलना फसवी आहे. बर्फ पडला तेथेच राहतो, म्हणून तो घराच्या रुंदीने वाटता येतो. गाळ वाहतो. उंचावरच्या गल्लीने टाकलेली वाळू सखलातल्या घरात पाणी शिरविते. वरच्याला साफसफाईचा लाभ नाही आणि खालच्याच्या हाती वरचे गटार नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते साफ करणे येथे पुरत नाही.

वाहत्या गोष्टींची वाटणी महाराष्ट्राला ठाऊक नाही असे मात्र नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवरील फड पद्धतीत बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंतचा पाट सगळ्यांचा मानला जाई. त्याच्या सफाईला लाभधारकांनी मिळून हात लावायचा आणि पाण्यावर देखरेख नेमलेल्या माणसांनी करायची. नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारने 1989 नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात श्रमदान हा गावनियम केला. तेथे श्रम टेकडीवर झाले आणि पाणी विहिरीत उतरले. दोन्ही टोके एकाच ग्रामसभेत बसत होती, हे त्या यशातले फारसे न बोलले जाणारे कारण. सावेडीत वरची आणि खालची गल्ली एकत्र बसतील अशी सभाच नाही. प्रभागाच्या सीमा आखल्या जातात त्या लोकसंख्येवरून, पाण्याच्या उतारावरून नव्हे.

म्हणून फावडी वाटण्यापूर्वी निदान दोन गोष्टी पालिकेला करता येतील. उपसलेला गाळ वाहून नेल्याखेरीज ठेकेदाराचे देयक मंजूर करू नये; आणि एका नाल्याला मिळणाऱ्या सगळ्या गल्ल्यांची यादी करून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या प्रतिनिधींना नाल्याच्या काठावर बोलवावे. वाळूचे ढीग कोणाच्या फाटकाबाहेर आहेत, हे तेव्हा सगळ्यांना एकदमच दिसेल.