चष्मा लावा, म्हणजे नीट ऐकू येईल!



करोनाच्या काळात मास्क आले आणि आम्हा ज्येष्ठांच्या बैठकीत एकच तक्रार सुरू झाली : "अहो, जरा मोठ्याने बोला!" मास्कमुळे आवाज थोडा दबत होता हे खरे, पण तेवढेच कारण नव्हते. समोरच्याचे ओठ दिसेनासे झाले होते.

डोळे बघतात आणि कान ऐकतात, असे आपण समजतो. प्रत्यक्षात दोघेही फक्त संदेश पोहोचवतात. अर्थ लावतो तो मेंदू. डोळ्यांचा संदेश डोक्याच्या अगदी मागच्या भागात जातो. तिथे गंभीर इजा झाली, तर डोळे शाबूत असूनही दिसेनासे होऊ शकते. कानांचा संदेश कानशिलाच्या आतल्या भागात जातो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, काउंटर दोन. पण पास करण्यापूर्वी दोन्हीकडच्या नोंदी जुळवाव्या लागतात. तशी जुळवणी मेंदूत कानाच्या बाजूच्याच एका लांब घडीत होते.

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रफितीत ओठ 'गा' म्हणत होते आणि आवाज 'बा'चा होता. बहुतेक प्रौढांना ऐकू आले 'दा'! डोळे मिटले की स्वच्छ 'बा'. नोंदी जुळेनात, तेव्हा मेंदूने मधलाच आकडा लिहिला.

वयानुसार आधी बारीक, उंच आवाज हरवतात. म्हणून 'स', 'फ', 'त' यांत गफलत होते. पण 'फ' आणि 'त' म्हणताना ओठ वेगळे दिसतात. कानाची तूट डोळे थोडीफार भरून काढतात.

आपल्यातले काही जण ऐकू आले नाही तरी नुसती मान हलवतात आणि हळूहळू कार्यक्रमांना येणेच सोडतात. २०२०मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या १२ गोष्टींत कमी ऐकू येणे आणि एकटेपणा, दोन्ही धरले आहेत.

तेव्हा घरात आजी-आजोबांशी स्वयंपाकघरातून ओरडून नव्हे, समोर बसून, उजेडात बोलावे. टीव्ही बंद करावा. कार्यक्रमात पुढच्या खुर्च्या त्यांना द्याव्यात. आणि आम्ही ज्येष्ठांनीही कानाची तपासणी टाळू नये. चष्मा लावताना आपण कुठे लाजतो?