नाशिकच्या रस्त्यांवरील भित्तिचित्रे : शोध आणि छायाचित्रण

गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती नाशिककरांच्या दृष्टीने केवळ पूजेची वस्तू नाही. पावसाळ्यात पाणी मूर्तीच्या कमरेपर्यंत आले की गळ्यापर्यंत, यावरून पुराचे मान सांगण्याची येथे रूढी आहे. उघड्यावर, सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा जागी असलेली प्रतिमा नगराच्या जीवनात कसे काम करते, याचे हे बोलके उदाहरण होय. मूर्ती दगडाची असल्याने ती पुरामागून पूर सोसून टिकली. रस्त्याच्या कडेच्या भिंतींवर रंगविलेल्या प्रतिमांना असे आयुष्य लाभत नाही. त्या नाहीशा होण्यापूर्वी त्यांची नोंद कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नाशिकसारख्या शहरात रस्त्यावरील चित्रांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग घराच्या दर्शनी भिंतीवरील मंगलचित्रांचा. लग्नकार्याच्या वेळी दाराच्या दोन्ही अंगांस गणपती, हत्ती, मोर, कलश काढून त्याखाली वधूवरांची नावे व विवाहाची तिथी लिहिण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. दुसरा वर्ग दुकानांवरील हाताने रंगविलेल्या पाट्या व जाहिराती यांचा. छापील फलकांचा प्रसार झाल्यापासून हा व्यवसाय झपाट्याने आटला असून, अक्षरे वळविणाऱ्या रंगाऱ्यांची एक पिढी त्याबरोबर मागे पडली आहे. तिसरा वर्ग वस्तीने स्वतः रंगविलेल्या चित्रांचा, बुद्ध, डॉ. आंबेडकर, शिवाजी महाराज, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांची चित्रे त्यात मोडतात. चौथा वर्ग शासकीय किंवा नगरपालिकेच्या प्रेरणेने झालेल्या चित्रांचा. २०१६ साली स्वच्छ सर्वेक्षणाची स्पर्धा सुरू झाल्यापासून देशातील अनेक शहरांत सार्वजनिक भिंती मोठ्या प्रमाणावर रंगविल्या गेल्या. वारली पद्धतीच्या आकृत्या त्यांवर वारंवार दिसतात. मूळची वारली चित्रे कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढली जात. कागदावर उतरून जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ती जगभर गेली आणि पुढे सिमेंटच्या भिंतीवर तैलरंगात अवतरली.

या चित्रांच्या नाशाची कारणे दोन प्रकारची आहेत. पहिली नैसर्गिक होत. जमिनीतील ओल भिंतीत वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर साचतात आणि भिंतीला लोणा लागून रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून चित्राचा खालचा भाग बहुधा आधी जातो. उन्हाने काही रंग विटतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत शेवाळ धरते. दुसरी कारणे मानवी होत. जुने वाडे पाडले जातात, रस्ते रुंद होतात, चित्रावर नवा रंग चढतो. नाशिकपुरते या मानवी कारणांना एक विशिष्ट लय आहे. १९९१, २००३, २०१५ व त्यापुढे २०२६-२७ असा सिंहस्थाचा क्रम असून, प्रत्येक सिंहस्थापूर्वी रस्ते, घाट व सार्वजनिक जागा यांची डागडुजी होते. प्रयागराज येथे २०१९ च्या कुंभमेळ्यापूर्वी शहरातील भिंती रंगविण्याची मोठी मोहीम झाली. अशा मोहिमेत नवे चित्र जन्मते, तसेच त्याच भिंतीवरचे जुने चित्र मरते.

यातून जो प्रश्न उत्पन्न होतो तो केवळ सौंदर्याचा नाही. काळाराम मंदिरातील प्रवेशासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशकात सुरू झाला. येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ साली याच जिल्ह्यात झाली. या इतिहासाची आठवण वस्तीतील भिंतींनीही जागती ठेवली आहे. नोंदीत जर फक्त चौथ्या वर्गातील नेटकी चित्रे आली आणि तिसऱ्या वर्गातील गळाली, तर पुढील अभ्यासकास शहराने स्वतःविषयी काय सांगितले ते कळणार नाही. शहराविषयी काय सांगण्यात आले एवढेच कळेल.

शोधाचे मुख्य साधन पायी हिंडणे हे आहे. जुने नाशिक नऊ टेकांवर वसल्याचे सांगतात. त्याच्या गल्ल्या अरुंद व चढउताराच्या असून वाहनातून जाणाऱ्यास तेथील भिंती दिसतच नाहीत. नकाशावर विभाग पाडून एकेक गल्ली दोन्ही दिशांनी चालावी. जाताना जी बाजू पाठीमागे राहते ती येताना समोर येते. लग्नसराईनंतर मंगलचित्रे ताजी असतात, तर पावसाळा संपल्यावर कोणती चित्रे टिकली हे कळते. यास्तव वर्षातून किमान दोन फेऱ्या आवश्यक होत. छायाचित्रकार ब्रासाय याने १९३० च्या सुमारास पॅरिसच्या भिंतींवरील कोरीव रेखाटने टिपण्यास आरंभ केला, तेव्हा तो त्यांचे पत्ते वहीत टिपून ठेवी आणि काही वर्षांनी त्याच भिंतींकडे परत जाई. त्यामुळे एकाच आकृतीत काळाने केलेले फेरफार त्यास दाखविता आले.

छायाचित्रणात पहिली अडचण अंतराची येते. गल्ली अरुंद असल्याने मागे सरकण्यास जागा नसते, आणि कॅमेरा वर कलविला की भिंतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात. तेथे कॅमेरा भिंतीस समांतर धरून चित्राचे तुकड्यातुकड्यांनी छायाचित्रण करावे व प्रत्येक तुकड्यात मागील तुकड्याचा तिसरा हिस्सा तरी यावा. म्हणजे पुढे ते अचूक जोडता येतात. रंगांची खरी छटा सावलीत किंवा अभ्राच्छादित दिवशी मिळते. उलट, सकाळ-सायंकाळचे तिरपे ऊन भिंतीवरील चिरा, पापुद्रे व खालच्या थरातील जुन्या रेषा उघड करते. म्हणून शक्य तेथे दोन्ही प्रकाशांत छायाचित्र घ्यावे. एका चौकटीत मोजपट्टी व रंगपट्टी असावी, आणि एक छायाचित्र दुरून, शेजारची घरे, दार व रस्ता यांसह असावे. या दूरच्या छायाचित्रावाचून चित्र कोणासाठी व कोणत्या बाजूने पाहण्यासाठी काढले होते हे कळत नाही.

तथापि छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. स्थळ, दिनांक, भिंतीचे मुख कोणत्या दिशेस, लांबी-रुंदी, पृष्ठभाग मातीचा, चुन्याचा की सिमेंटचा, रंगाचा प्रकार, चित्रावरील लेखन व रंगाऱ्याची सही ही माहिती जोडल्यावरच त्यास पुराव्याचे मोल येते. मंगलचित्रे या दृष्टीने विशेष उपयोगी आहेत. त्यांवरील विवाहतिथीमुळे ती स्वतःच आपला काळ सांगतात. त्यांच्या आधारे शेजारच्या तिथीरहित चित्रांचा काळही अजमावता येतो. मात्र अशा लेखनातील खासगी नावे प्रसिद्धीत देऊ नयेत. हल्लीचे फोन छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांश व वेळ आपोआप नोंदवितात खरे. पण छायाचित्र संदेशाद्वारे पुढे धाडले की ही माहिती बहुधा गळून पडते. यास्तव मूळ प्रत व लेखी टिपण दोन्ही जपली पाहिजेत.

प्रतीही एकाच ठिकाणी ठेवू नयेत. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी केलेल्या प्रतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीस बळी पडल्या. याउलट, पाँपेई येथील भिंतींवरचे निवडणुकीचे व अन्य लेख १८७१ पासून ग्रंथरूपाने संकलित होऊन छापले गेल्यामुळे, मूळ भिंतीवरून पुसले गेलेले कित्येक लेख आजही वाचता येतात.

कायद्याचा विचारही या कामात करावा लागतो. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ चा असून, परवानगीवाचून भिंत रंगविणारा साहजिकच आपले नाव लपवितो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मोकळीक आहे. रंगविलेल्या चित्रास ती सवलत तशीच लागू पडत नाही. संशोधनासाठी छायाचित्र घेणे व ते विक्रीच्या पुस्तकात छापणे यांत त्यामुळे भेद करावा लागतो. छापताना निर्मात्याचा शोध घेऊन अनुमती मिळवावी. निर्मात्याचा हक्क चित्र नष्ट होण्याच्या प्रसंगीही अप्रस्तुत ठरत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले. त्या प्रकरणी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ५७ च्या आधारे शिल्पकाराच्या बाजूने निर्णय दिला.

नाशिकची सर्व रंगीत भिंती जतन करणे शक्य नाही, आणि ते इष्टही नाही; नव्या चित्रास जागा हवीच. परंतु नवा रंग चढण्यापूर्वी एक दिवस मोजपट्टी, वही व कॅमेरा घेऊन त्या भिंतीपुढे कोणी उभे राहिले पाहिजे, आणि त्या चित्राचा रंगारी जवळपास असल्यास त्यास दोन प्रश्न विचारले पाहिजेत. प्रत्येक सिंहस्थापूर्वीच्या कामांत हा एक दिवसही धरला गेला, तर दर बारा वर्षांनी शहराच्या भिंतींचा एक पूर्ण थर अभ्यासकांच्या हाती येईल.